घरच्या बागेत एअर रायफलचा सराव: आधी भिंत उभी करा, मग बंदूक घ्या

एअर रायफल घ्यायची ठरली की घरात पहिली चर्चा रंगते ती कंपनीची, किमतीची आणि वेगाची. माझं सांगणं उलटं आहे. बंदूक सगळ्यात शेवटी घ्या. आधी छर्रा जिथे थांबणार आहे ती जागा बांधा. शेजाऱ्यांना होणारा त्रास आणि अपघाताचा धोका, दोन्हींचा निकाल बहुतेक वेळा दहा मीटर पलीकडच्या टोकाला लागतो, आपल्या हातातल्या टोकाला नव्हे. ते टोक नीट बांधलेलं असेल तर साधी देशी रायफलही घरात सुखाने नांदते, आणि ते कच्चं असेल तर लाखाची जर्मन रायफलसुद्धा आठवड्यात वाद उभा करते.

घरी सराव करणं ही काही अचाट कल्पना नाही. 2008 साली बीजिंगला 10 मीटर एअर रायफलमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या अभिनव बिंद्राच्या घरीच रेंज होती. आपल्याकडे ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 मध्ये कैरोला याच प्रकारात विश्वविजेता झाला, आणि कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला 50 मीटर थ्री पोझिशनचं कांस्यपदक आणल्यापासून गावोगावच्या मुलांना हा खेळ खुणावतो आहे. पण रेंज जिल्ह्याच्या ठिकाणी, शाळा-क्लासचे तास वेगळे, येण्याजाण्यातच दोन तास जाणार. मागे मोकळं परसदार असलेलं घर असेल तर तिथे रोज चाळीस-साठ छर्रे मारता येणं ही फार मोठी सोय आहे. फक्त ती सोय जबाबदारीने उभी करायला हवी.

कायदा आणि शेजार

शस्त्र नियम 2016 प्रमाणे 0.177 इंच, म्हणजे 4.5 मिलिमीटर बोअरपर्यंतच्या (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) आणि 20 ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअरगनला परवाना लागत नाही. दोन्हींपैकी एक मर्यादा जरी ओलांडली तरी परवाना लागतो. त्यामुळे .22 बोअरच्या वाटेला जाऊच नका. स्पर्धेची रायफल आणि पिस्तूल दोन्ही 4.5 मिमीच असतात. खरेदी घरातल्या मोठ्या माणसाच्या नावाने करा, दुकानदाराला ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा द्या, बिल जपून ठेवा. ऑनलाइन सापडलेली बिनबिलाची जुनी रायफल कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.

परवाना लागत नाही याचा अर्थ कसंही वागायला मोकळीक आहे असा नाही. दुसऱ्याच्या जिवाला किंवा सुरक्षिततेला धोका होईल असं बेदरकार कृत्य भारतीय न्याय संहितेच्या कलम 125 खाली गुन्हा ठरतं, आणि त्यासाठी कुणाला प्रत्यक्ष इजा व्हायलाच हवी असं नाही. पक्ष्यांवर एअरगन रोखणं हा तर विषयच बंद. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 मध्ये शिकारीचा प्रयत्नसुद्धा शिकारच मानला आहे. अरुणाचल प्रदेशात 2021 पासून लोक आपणहून एअरगन सरकारजमा करत आहेत, कारण या ‘खेळण्यातल्या’ बंदुकांनी तिथली रानं पक्ष्यांविना सुनी केली. ज्या घरात मुलगा चिमणीवर किंवा गल्लीतल्या कुत्र्यावर नेम धरण्याची शक्यता आहे, त्या घरात ही वस्तू येऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

शेजाऱ्यांना आधी सांगा. रायफल दाखवून नव्हे, भिंत दाखवून. डाव्या-उजव्या आणि मागच्या घरातल्या मोठ्यांना बोलावून छर्रा कुठे अडतो ते समजावून द्या. सरावाची वेळ त्यांनाच विचारा. कुणाकडे तान्हं बाळ असतं, कुणाची रात्रपाळी असते. सोसायटीच्या आवारातला बंगला असेल तर समितीची लेखी संमती घ्या, आणि जवळच्या पोलीस ठाण्यात माहितीचं एक साधं पत्र देऊन पोच घ्या. कुणीतरी ‘बंदूक चालवतात’ म्हणून फोन केला तर ती पोच कामाला येते.

जागा बघताना

शूटिंग लाइनपासून लक्ष्यापर्यंत 10 मीटर, लाइनच्या मागे उभं राहायला दीड-दोन मीटर आणि लक्ष्यामागे अर्धा मीटर. एकूण साडेबारा मीटर, म्हणजे साधारण 41 फूट. रुंदी दोन-अडीच मीटर पुरते.

लांबीपेक्षा महत्त्वाचं हे की या पट्ट्यात बाजूने कुणी अचानक येऊ शकत नाही ना. मागचं दार, न्हाणीची वाट, कपडे वाळत घालायची दोरी, कामवाल्या मावशींचं फाटक, यातलं काहीही लाइनच्या पुढे उघडत असेल तर ती जागा बाद, किंवा सराव चालू असेपर्यंत ते दार आतून कडी-कुलपात. नुसतं ‘येऊ नका’ असं सांगून ठेवणं पुरेसं नाही. मांजर, कोंबडी आणि चेंडूमागे धावणारं पोर यांना सूचना समजत नाहीत.

मग लक्ष्याच्या दिशेला उभं राहून पलीकडे काय आहे ते बघा. 4.5 मिमीचा छर्रा वर तोंड करून सुटला तर दोन-तीनशे मीटरसुद्धा जाऊ शकतो. तेव्हा ‘मागे शेतच आहे’ हे उत्तर चालत नाही, शेतात माणसं असतात. मागे पक्की भिंत हवी, आणि भिंतीवरून कुणाची गच्ची किंवा खिडकी डोकावत असेल तर तिचा वेगळा बंदोबस्त हवा. तो पुढे सांगतो.

दिशा निवडता येत असेल तर उत्तरेकडे तोंड करून नेम धरा. ऊन जवळजवळ कधीच डोळ्यावर येत नाही आणि लक्ष्यावर प्रकाश राहतो. जागा कमी असेल तर 5 मीटरवर निम्म्या आकाराचं छापलेलं लक्ष्य लावून सराव होतो. गुण काटेकोर मोजता येत नाहीत, कारण छर्रा काही निम्मा होत नाही, पण उभं राहण्याची ढब, श्वास आणि ट्रिगर यांचा सराव पुरेपूर होतो. मात्र अंतर कमी झालं की उलटून येणारा छर्राही लवकर पोचतो, म्हणून तिथे पेटी जास्तच मऊ हवी.

फ्लॅटची गच्ची, पार्किंग, दोन रो-हाऊसमधली बोळ, चाळीचा व्हरांडा या जागा मुळीच धरू नका. तिथे राहणाऱ्यांसाठी बिनछऱ्याचा सराव आहे, त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

छर्रे झेलणारी पेटी

हा लेखाचा गाभा आहे, त्यामुळे इथे सावकाश जातो.

बाजारात मिळणारी पत्र्याची तिरकी पेटी रेंजवर ठीक आहे, कारण तिथे आवाजाची कुणाला पर्वा नसते. घरी तीच पेटी दर छऱ्याला ‘ठण्ण’ करते आणि शेजारी नेमका हाच आवाज ऐकतात. बंदुकीचा आवाज क्षणभराचा, पण पत्र्याचा आवाज घुमतो आणि भिंतींवरून फिरून येतो. म्हणून पेटी रबराच्या चुऱ्याची करा.

टायर रिमोल्डिंग करणाऱ्याकडे जा. जुन्या टायरचा वरचा थर घासून काढताना जो रबराचा किस निघतो, त्याला ते ‘बफिंग’ म्हणतात. तीस-चाळीस लिटर मावेल इतका घ्या. खूप बारीक भुकटी नको, धाग्यासारखा जाडसर किस हवा. तारांचे तुकडे असतील तर लोहचुंबक फिरवून काढून टाका.

सुताराकडून सहा सूत, म्हणजे 19 मिमी प्लायची 45 सेंटिमीटर लांब-रुंद आणि 25 सेंटिमीटर खोल पेटी करून घ्या. समोरची बाजू उघडी, वर बिजागरीचं झाकण. आत मागच्या बाजूला आधी जुन्या गालिच्याचा तुकडा, त्यावर 3 मिमी जाडीचा लोखंडी पत्रा, त्यावर पुन्हा गालिचा. पत्रा दोन्ही बाजूंनी दाबलेला असला की वाजत नाही. तो फक्त एखादा छर्रा सगळा चुरा पार करून आला तर अडवायला आहे. मग बफिंग विणलेल्या पोत्यात, तांदळाच्या किंवा सिमेंटच्या, घट्ट भरून ते पोतं पेटीत ठासा. थराची जाडी निदान 15 सेंटिमीटर तरी राहिली पाहिजे. पुढून जाड खोक्याचा पुठ्ठा स्क्रूने बसवा, आणि त्यावर लक्ष्याचा कागद.

छर्रा पुठ्ठा फोडतो, चुऱ्यात शिरतो आणि तिथेच राहतो. ऐकू येतो तो एक बोदा, दबका ‘थप्’. काही दिवसांनी मधोमध पोतं फाटून चुरा खाली बसतो. झाकण उघडून हाताने चाचपा, पोकळी लागली की वरून चुरा घाला. पुठ्ठा चाळण झाला की बदला.

एक गोष्ट ठळकपणे सांगतो. अखंड रबर वापरू नका. टायरची कापलेली बाजू, कन्व्हेयर बेल्टचा जाड तुकडा, ट्रकचा मडफ्लॅप, हे मऊ दिसतात, पण शिसं त्यावरून उलटून सरळ तुमच्याकडे येतं. जाड लाकडाची फळी, झाडाचं खोड, वीट, दगड, बाटल्या, डबे, नारळाची करवंटी यांचंही तेच. बंदुकीत फक्त शिशाचे छर्रे घाला. स्टीलच्या गोळ्या कशावरूनही उसळतात. छर्रे सपाट तोंडाचे घ्या. ते कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतात आणि मऊ पदार्थात लवकर थांबतात.

चुरा मिळालाच नाही तर रद्दीचे गठ्ठे दोरीने करकचून बांधून 20 सेंटिमीटर जाडीचा थर करता येतो. आवाज कमी, पण गठ्ठ्याचा मधला भाग लवकर पोखरला जातो आणि कागदाचा भुगा फार उडतो. वाळूचं पोतं मागच्या आडोशाला चांगलं, पेटीत नको. शिसं वाळूत मिसळलं की वेगळं काढणं महाकठीण आणि कोरडी वाळू धूळ उडवते.

पेटी तयार झाली की परीक्षा घ्या. पेटीच्या समोर जमिनीवर जुनी पांढरी चादर अंथरा. सुरक्षेचा चष्मा घालून दहा मीटरवरून वीस छर्रे मारा आणि चादर बघा. एखादा चपटलेला छर्रा पेटीपासून हातभर पुढे पडलेला दिसला तर पुठ्ठा जास्त कडक आहे किंवा चुरा दगडासारखा ठासला गेला आहे. पुठ्ठ्याचा एक पदर कमी करा, पोतं जरा सैल करा, पुन्हा वीस मारा. चादर कोरी राहीपर्यंत दुसऱ्या कुणाला तिथे उभं करू नका.

पेटीच्या मागची भिंत

पेटी चुकणार हे धरूनच चला, विशेषतः नवख्याकडून. पेटीमागे 8 बाय 4 फुटांचे दोन प्लाय शेजारी शेजारी उभे करा, म्हणजे अडीच मीटर रुंद पडदा होतो. प्लाय जमिनीवर टेकवू नका, विटांच्या फूटभर उंच ओट्यावर ठेवा म्हणजे पावसात कुजत नाही आणि उंचीही मिळते. कंपाउंडच्या भिंतीपासून दहा सेंटिमीटर अंतर सोडा. प्लाय भिंतीला चिकटला की छऱ्याचा धक्का भिंतीतून थेट शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात पोचतो. प्लायच्या पुढे जुनी सतरंजी किंवा जाड गोधडी वरच्या कडेला खिळवून सैल लोंबती सोडा, ओट्याच्या खालपर्यंत. सैल कापड मागे झुकतं आणि छऱ्याचा जोर खातं. ताणून बसवलं तर हा गुण जातो.

पेटीचा मध्य जमिनीपासून 1.40 मीटरवर हवा, स्पर्धेत हीच उंची असते. त्यासाठी लोखंडी अँगलचं स्टँड करून घ्या. भरलेली पेटी जड होते, टेबलावर ठेवून भागत नाही.

वर जाणारा छर्रा

बहुतेक लोक भिंत बांधून थांबतात. पण खरा धोका असतो तो रायफल उचलताना किंवा भरताना चुकून ट्रिगर दाबला गेला तर. तेव्हा नळी वर असते आणि छर्रा भिंतीवरून निघून जातो. म्हणून शूटरच्या थोडं पुढे, डोक्याच्या उंचीला एक आडवी फळी टांगावी लागते. ती कुठे टांगायची हे एका दोरीने ठरतं.

शूटर उभा असताना नळीचं तोंड जिथे येतं तिथे काठी रोवा, उदाहरणार्थ 1.5 मीटर उंचीवर. तिथून मागच्या प्लायच्या वरच्या कडेपर्यंत सुतळी ताणून बांधा. ओट्यासकट ती कडा सुमारे 2.75 मीटर उंच आहे आणि अंतर दहा मीटर, तर काठीपासून दोन मीटर पुढे सुतळी 1.75 मीटरवरून जाईल. फळीची खालची कडा त्याहून थोडी खाली, 1.70 वर ठेवा. आता नळी कुठल्याही छोट्या चुकीने वर गेली तरी छर्रा एकतर फळीला अडेल किंवा पडद्यावर आपटेल. फळी निदान चार फूट उंच आणि पट्ट्याइतकी रुंद असू द्या. ती शूटरच्या अगदी जवळ असल्यामुळे तिच्या आतल्या अंगाला काथ्याची जाड चटई आणि त्यावर सैल गोणपाट लावाच, नाहीतर उघड्या प्लायवरून छर्रा तोंडाकडे परतेल.

घरात बुटकं मूल आणि उंच बाप दोघंही सराव करत असतील तर सुतळी मुलाच्या उंचीवरून वेगळी ताणा, ती खालून जाते. फळी साखळीवर टांगा म्हणजे वर-खाली करता येते, किंवा मुलाला पाटावर उभं करा. पाट पुरेसा रुंद आणि न डगमगणारा हवा.

याहून चांगला उपाय ज्यांना जमेल त्यांनी करावा: बागेत उभं न राहता मागच्या खोलीत किंवा पडवीत उभं राहा आणि खिडकीतून बागेत नेम धरा. डोक्यावर छप्पर, दोन्ही बाजूंना भिंती, वर खिडकीची चौकट, तिच्यावरून थोडी खाली उतरलेली फळी. छर्रा भलतीकडे जाण्याच्या वाटाच बंद होतात. आणि बंदुकीच्या तोंडाचा आवाज खोलीतच राहतो. माझ्या मते सुरक्षितता आणि शांतता दोन्ही एकाच वेळी देणारी दुसरी युक्ती नाही. दहा मीटर अर्थातच शूटर उभा आहे तिथून मोजायचे.

आवाज कुठून येतो

आवाजाची तीन ठिकाणं. छर्रा आपटण्याचा आवाज आपण पेटीत संपवला. उरला बंदुकीचा, आणि हवेत जाणाऱ्या छऱ्याचा.

छर्रा आवाजाच्या वेगाहून, म्हणजे सेकंदाला साधारण 340 मीटरहून जास्त धावला तर हवेत चाबकासारखा फटका उठतो. ‘पॉवरफुल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या रायफली हलक्या छऱ्यांबरोबर हेच करतात. स्पर्धेच्या रायफलचा वेग सेकंदाला 170 ते 175 मीटर, ऊर्जा साडेसात ज्यूलच्या आसपास. कागदाला भोक पाडायला याहून जास्त काही लागत नाही. दुकानदार जास्त वेगाची महती सांगेल, ऐकू नका. कमी वेगाची रायफल शांत असते, हाताला सोसते आणि पेटीही कमी फोडते.

स्प्रिंगच्या रायफलमध्ये पिस्टन पुढे आदळतो, त्याचा ‘खण्ण’ आवाज येतो. तो कमी करायला कुणी सिलिंडरमध्ये शिलाई मशीनचं किंवा खोबरेल तेल सोडतात. हे घातक आहे. दाबाने हवा तापते, तेल पेट घेतं आणि पिस्तुलासारखा बार होतो, सील आणि स्प्रिंगही जातात. बिजागरीला आणि बाहेरच्या सांध्यांना वंगण द्यायचं, ते उत्पादकाने सांगितलेलंच. प्रीचार्ज्ड, म्हणजे हवेच्या सिलिंडरच्या रायफलमध्ये धक्का नसतो, फक्त नळीतून सुटणाऱ्या हवेचा ‘फट्’ असतो.

त्यावर नळीला सायलेन्सर लावायचा विचार करू नका, घरी बनवायचा तर नाहीच. शस्त्र कायदा 1959 ने आवाज दाबणाऱ्या जोडसाधनांना अग्निशस्त्राच्या व्याख्येत बसवलं आहे. नसती आफत ओढवून घ्यायची गरज नाही. खोलीतून मारत असाल तर भिंतींना आणि छताला जुने गालिचे, गाद्या, पडदे लावा. उघड्यावर मारत असाल तर शूटरच्या तीन बाजूंना गोधड्या टांगलेला आडोसा उभा करा. डोक्यावर पत्र्याचं छप्पर असेल तर त्याच्या आतल्या अंगाला थर्माकोल नको, जाड कापड किंवा काथ्या लावा, कारण थर्माकोल आवाज फारसा शोषत नाही.

मग शेजाऱ्याच्या अंगणात घरच्या कुणाला तरी उभं करा आणि दहा छर्रे मारा. ‘आवाज आला का’ असं विचारू नका. ‘किती मारले, मोजून सांग’ असं विचारा. त्याला मोजता आले नाहीत तर काम फत्ते. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही ध्वनिप्रदूषण नियमांची मर्यादा आहे आणि रात्र दहाला सुरू होते. तरी घड्याळापेक्षा शेजार बघा: दुपारी एक ते चार लोक पडलेले असतात, आणि दहावी-बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत एखाद्या सुट्टीचा सराव सोडायला काही हरकत नसते.

लक्ष्य, उजेड आणि दोरीवरची गाडी

एअर रायफलच्या कागदावरचा काळा गोल 30.5 मिमीचा असतो आणि मधला दहाचा ठिपका फक्त अर्धा मिमी. पिस्तुलाचा काळा गोल 59.5 मिमीचा, दहाचं वर्तुळ 11.5 मिमीचं. छापील लक्ष्यं क्रीडासाहित्याच्या दुकानात मिळतात. झेरॉक्सवर आकार बदलतो, म्हणून पट्टीने मोजून मगच वापरा.

लक्ष्यावर 1500 लक्स उजेड ही स्पर्धेची किमान अट आहे. एक-दोन एलईडी फ्लडलाइट वरून तिरके लावले की जमतं. दिवा पेटीच्या पुढे येत असेल तर त्याच्यासमोर प्लायची आडवी पट्टी लावा. उजेडामुळे संध्याकाळी सातलाही सराव होतो, आणि शूटर अंधारात असताना डोळ्याला येणारा ताणही टळतो.

दर छऱ्यानंतर कागद बदलायला लाइनच्या पुढे जावं लागणं कंटाळवाणं आणि धोक्याचंही असतं. दोन कप्प्या, नायलॉनची दोरी आणि कागद धरणारा क्लिप, एवढ्यात घरची गाडी होते: एक कप्पी पेटीवर, दुसरी शूटरच्या टेबलाशी. दोरी ओढली की कागद हातात येतो. मुलं ही गाडी स्वतः बनवतात तेव्हा रेंजवर त्यांचा जीव जडतो, म्हणून हे काम त्यांच्याकडेच द्या.

सरावाची शिस्त

लाइन चुन्याने किंवा पांढऱ्या ऑइलपेंटने आखा. त्या रेषेच्या पुढे कुणी गेलं की रायफलला कुणी हात लावायचा नाही. रायफल उघडी, रिकामी, टेबलावर, नळी लक्ष्याकडे आणि नळीत भडक रंगाची सेफ्टी फ्लॅग. ग्रास कटरची नारिंगी तार कापली की उत्तम फ्लॅग होतो. तार नळीभर लांब असावी आणि तोंडातून बाहेर दिसावी, म्हणजे आत छर्रा नाही हे लांबूनही कळतं.

रेंजवर असतात तेच शब्द घरी वापरा: ‘लोड’, ‘स्टार्ट’, ‘स्टॉप’, ‘अनलोड’. शब्द एकच मोठा माणूस उच्चारेल. ‘स्टॉप’ मात्र कुणीही ओरडू शकतो, अगदी पाच वर्षांची बहीणसुद्धा, आणि त्यावर वाद नाही. अठराच्या आतलं मूल एकटं सराव करणार नाही. मोबाइल खोलीबाहेर. बघणारे शूटरच्या मागे, चष्मा सगळ्यांना. चष्मा पॉलिकार्बोनेटचा हवा, काचेचा नको. फाटकावर लाल कापड लावा.

सराव संपला की रायफल कुलपात आणि छर्रे दुसऱ्या कुलपात. किल्ली देवघरात किंवा फ्रिजवर ठेवू नका, त्या जागा घरातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असतात.

सिलिंडरच्या रायफलमध्ये 200 बार दाब असतो. त्यात फक्त कोरडी हवा भरायची, ऑक्सिजन कदापि नाही, आणि भरण्याच्या जोडाला तेलाचं बोटही लावायचं नाही. सिलिंडरवर कोरलेली तारीख बघा. दहा वर्षं उलटलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, घरीही वापरू नका. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत तो ठेवून जाऊ नका.

शिसं

एक छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा. रोज चाळीस मारले तर दिवसाला 20 ग्रॅम, वर्षात तीनशे दिवस धरले तर सहा किलो शिसं तुमच्या बागेत येतं. ते पेटीतच राहायला हवं. पेटीखाली आळू, पुदिना, कढीपत्ता काहीही लावू नका. तिथे शहाबादी फरशी घाला किंवा ताडपत्री अंथरा. कोंबड्या आणि पक्षी खाली पडलेले छर्रे खडे समजून टिपतात आणि शिशाच्या विषाने मरतात. पेटीवर पावसाळ्यात छोटं छप्पर हवंच, भिजलेल्या पेटीतून वाहणारं पाणी विहिरीकडे जाता कामा नये.

सराव करताना खाणं-पिणं बंद. छर्रे दातात धरण्याची सवय बऱ्याच जणांना असते, ती पहिल्याच दिवशी मोडा. नंतर हात साबणाने धुवा, लहान मुलांना घ्यायच्या आधी कपडे बदला. फरशी झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. गरोदर बाई किंवा लहान मूल पेटी साफ करताना आसपास नको. मास्क आणि हातमोजे घालून चुरा ताडपत्रीवर ओता, पाण्याच्या बादलीत टाकला की रबर हलकं म्हणून वेगळं करायला सोपं जातं आणि छर्रे तळाशी बसतात. ते पाणी झाडांना घालू नका. शिसं झाकणाच्या डब्यात साठवून जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्या अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे द्या. घरी वितळवून त्याची खेळणी किंवा वजनं करायला जाऊ नका, त्या धुराने मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो.

बिनछऱ्याचा सराव

शूटर याला ‘ड्राय’ म्हणतात. स्पर्धेच्या बऱ्याच प्रीचार्ज्ड रायफलींमध्ये त्यासाठी वेगळी कळ असते: ट्रिगर दबतो, हवा सुटत नाही, छर्रा नसतो. पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहून उचलणं, श्वास, पकड, ट्रिगर. आवाज एका टिचकीइतका. चांगले शूटर आठवड्यातला मोठा भाग यातच घालवतात आणि सोसायटीत राहणाऱ्यांना तर हाच घरचा खरा सराव. स्प्रिंगच्या रायफलवर मात्र रिकामा ट्रिगर ओढू नका. समोर छर्रा नसला की पिस्टन आदळून सील फुटतं.

पहिला आठवडा

पहिल्या दिवशी छर्रा नको. सगळ्यांनी रिकाम्या रायफलने ‘लोड’ ते ‘अनलोड’ असा पूर्ण क्रम चार-पाचदा करावा, फाटकाची कडी लावण्यासकट. दुसऱ्या दिवशी लक्ष्याऐवजी पेटीवर कोरा पांढरा कागद लावा आणि पाच मीटरवरून, टेबलाच्या आधाराने दहा छर्रे मारा. कोऱ्या कागदावर नेम नसतो, त्यामुळे शूटर ट्रिगरकडे लक्ष देतो. सगळी भोकं तळहाताएवढ्या जागेत आली की सात मीटर, मग दहा, मग आधाराशिवाय. जो आधाराने पेटीच्या कडेला मारतो त्याला उभं करून मारायला देण्याची घाई करू नका.

दर रविवारी गोधडी उचलून मागचा प्लाय बघा. त्यावर नवी खूण दिसली तर ती कुणाची, कुठल्या दिवशीची हे विचारा, तारीख टाकून पेन्सिलने गोल करा. एकाच बाजूला खुणा साचू लागल्या तर पेटी तिकडे सरकवून भागणार नाही. त्या शूटरला परत पाच मीटरवर आणा.